'सामना' आमचा नाही, असं मी म्हणत असे

मराठीतला सगळ्यात चांगला गुन्हेपट कोणता, असा विषय निघाला की मी वर्षानुवर्षं 'पाठलाग'चं नाव घेत आलो. समोरचा 'सामना' म्हणाला की माझं उत्तर ठरलेलं असे: एक तर तो गुन्हेपट नाही, आणि असला तरी तो आमचा नाही. 'आमचा' म्हणजे वऱ्हाडाचा. माझा जन्म अकोल्याचा, नोकरी अमरावतीची, आणि हयात गेली सहकारी संस्थांची दप्तरं तपासण्यात. ज्या सिनेमाला 'सहकारातल्या सत्तेचा आरसा' म्हणतात त्याबद्दल लेखापरीक्षकानंच नाक मुरडावं, याची मित्रांना गंमत वाटायची. आता माझं मत तसं राहिलेलं नाही. ते कशानं बदललं आणि कुठवर बदललं, हे सांगायला हे मनोगत. 'कुठवर' असं मुद्दाम म्हणतो, कारण एक तक्रार अजून शिल्लक आहे आणि ती मिटेल असं दिसत नाही.

आधी जुन्या मताची बाजू मांडतो. ते मत निव्वळ हेकटपणाचं नव्हतं.

सिनेमाच्या धंद्यात वऱ्हाड 'बॉम्बे टेरिटरी'त मोडत नाही. मध्य प्रांत-वऱ्हाड हे राज्य नकाशावरून कधीच गेलं, पण वितरकांच्या वह्यांत 'सी. पी. बेरार' टिकून राहिलं. भुसावळ आणि अमरावती ही त्या व्यवहाराची ठाणी. अमरावतीत चित्रा चौक, प्रभात चौक, सरोज चौक अशी टॉकीजवरून पडलेली नावं आजही पत्ता सांगायला लागतात, इतका हा गाव सिनेमावेडा. पण त्या पडद्यांवर राज्य हिंदीचं. मराठी सिनेमा पुण्या-कोल्हापुरात चालून, दमून मग आमच्याकडे यायचा, नाहीतर यायचाच नाही. आणि आला तरी त्यातलं खेडं ठरलेलं: दगडी वाडा, उसाचा फड, तमाशाचा तंबू, बोली सातारा-कोल्हापूरकडची. 'मले', 'तुले', 'काहून' असं बोलणारा माणूस पडद्यावर दिसलाच तर तो लोकांना हसवायला आणलेला असे.

यामागं राजकारणाचा जुना सलही होता. १९४७चा अकोला करार, १९५३चा नागपूर करार, १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगानं केलेली वेगळ्या विदर्भाची शिफारस आणि त्यानंतर झालेलं विलीनीकरण, हा सगळा इतिहास आमच्या घरात जेवताना निघायचा. अशा घरातल्या मुलाला कोणी 'हा महाराष्ट्राच्या खेड्याचा सिनेमा' म्हणून साखर कारखाना दाखवला, तर तो विचारणारच की कापूस कुठे आहे?

'सामना' मी पहिल्यांदा पाहिला तो अकोल्यात, भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर. तोवर त्याची कीर्ती पाठ झाली होती. १९७५ सालचा सिनेमा, त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवातल्या स्पर्धेत गेलेला. दिग्दर्शक जब्बार पटेल, त्यांचा हा पहिलाच चित्रपट. निर्माते कवी रामदास फुटाणे, लेखक विजय तेंडुलकर, संगीत भास्कर चंदावरकर. दिग्दर्शक बालरोगतज्ज्ञ, मास्तर झालेले श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, आणि ज्याच्या खुनाभोवती सगळी कथा फिरते त्या मारुती कांबळेच्या भूमिकेतले मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. तीन डॉक्टरांनी मिळून केलेला हा सिनेमा, असं आम्ही गमतीनं म्हणायचो. त्यांच्यासमोर उभे हिंदूराव धोंडे पाटील, म्हणजे निळू फुले. एका छोट्या भूमिकेत स्मिता पाटील.

कथा दोन ओळींची. एका साखर सम्राटाच्या गावात कुठून तरी भटकत एक दारुडा म्हातारा मास्तर येतो. एके काळचा गांधीवादी कार्यकर्ता, आता मोडून पडलेला. हिंदूराव त्याला घरी नेतो, खाऊ-पिऊ घालतो. मास्तरच्या कानावर मारुती कांबळे हे नाव पडतं आणि त्या माणसाचं पुढे काय झालं, हे तो विचारत सुटतो.

माझे आक्षेप तीन होते. पहिला कापसाचा, तो वर सांगितला. दुसरा कारागिरीचा. 'पाठलाग' बघा म्हणायचो मी. राजा परांजपे यांचा १९६४चा सिनेमा, जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवरचा. वकिलाची बायको वारली आहे, आणि पकडली गेलेली एक बाई 'मीच तुमची बायको' म्हणून समोर उभी राहते. शेवटापर्यंत प्रेक्षकाचा जीव टांगणीला. हिंदीवाल्यांनाही मोह आवरला नाही आणि 'मेरा साया' झाला. याला म्हणतात गुन्हेपट! 'सामना'त खून कोणी केला याचा अंदाज लवकरच येतो. मग उरतं काय? दोन माणसं बसून दारू पितात आणि बोलतात.

तिसरा आक्षेप कांबळेचा. मेला तो माणूस सिनेमात फार थोडा दिसतो. आडनावातून जे कळायचं ते प्रेक्षकाला कळतं, पण पडदा व्यापून टाकतात ते दोघं: मारणारा आणि विचारणारा.

या तिन्ही आक्षेपांपैकी दुसरा आधी गेला, आणि तो गेला माझ्या कामामुळे.

लेखापरीक्षकाच्या आयुष्यात 'खुनी कोण' हा प्रश्न फारसा येत नाही. खुनी बहुधा समोरच बसलेला असतो आणि चहा मागवत असतो. एका जिनिंग-प्रेसिंग संस्थेचं ऑडिट माझ्याकडे होतं, गावाचं नाव सांगण्याची गरज नाही. एक क्विंटल कापूस जिनमधून काढला की साधारण चौतीस किलोच्या आसपास रुई निघते, उरलेली बहुतेक सरकी, आणि थोडी घट. ही घट म्हणजे कचरा, ओलावा, उडून गेलेले तंतू. तिचं एक वाजवी प्रमाण असतं. त्या संस्थेच्या पुस्तकात घट इतकी होती की तेवढा कापूस वाऱ्यानं उडवायला गावात रोज वादळ यायला हवं होतं. गठाणींचं रजिस्टर, गेटपास, वजनकाट्याच्या पावत्या, सगळं समोर ठेवून मी तो मुद्दा अहवालात लिहिला. आकड्यांसकट लिहिला.

वार्षिक सर्वसाधारण सभेला मी हजर होतो. मंडपात सभासद खच्चून भरलेले. सचिवांनी विषयपत्रिका वाचायला घेतली. लेखापरीक्षण अहवाल आला, 'वाचला असे समजण्यात यावे' असा आवाज एका कोपऱ्यातून उठला, टाळी पडली, पुढचा विषय. मी समोर बसलेल्या चेहऱ्यांकडे पाहत होतो. त्यांत एकाही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. सभेनंतर अध्यक्षांच्या मळ्यात रोडग्यांचा बेत. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी, वरण, वर तुपाची धार. शेजारी पंगतीत एक म्हातारे सभासद बसले होते. हात धुऊन ते हळूच म्हणाले, "साहेब, घट कुठी गेली ते साऱ्याइले मालूम हाये. तुमी लिहून ठेवलं, बरं केलं. आता जेवा, थंडं होऊन रायलं."

रोडगे मीही खाल्ले. चव आजही आठवते.

पुढे त्या संस्थेची सहकार कायद्याच्या कलम ८३खाली चौकशी झाली, कलम ८८खाली जबाबदारी ठरवण्याचं काम सुरू झालं, तारखा पडत राहिल्या. ती गोष्ट वेगळी. माझ्यापुरता महत्त्वाचा होता तो मंडप. त्यानंतर 'सामना' पुन्हा पाहिला तेव्हा तो रहस्यपट नाही ही तक्रार मला करताच आली नाही. रहस्य दडवलेला गुन्हा सिनेमात सोपा असतो. हुशार माणूस येतो, धागे जोडतो, पडदा उघडतो, आपण घरी जातो. पण सगळ्यांना ठाऊक असलेला गुन्हा कोणी आणि कसा उघडा करायचा? तिथं हुशारी काहीच कामाची नाही. तिथं एकच गोष्ट चालते: जे सगळ्यांना ठाऊक आहे ते मोठ्यानं, लाज सोडून, पुन्हा पुन्हा विचारत राहणं. तेंडुलकरांनी त्या कामाला दारुडा म्हातारा निवडला तो उगीच नाही. ज्याची पत गेली आहे, ज्याला गमवायला काही उरलेलं नाही, त्यालाच हा प्रश्न परवडतो. बायका-मुलं, शेत, सोसायटीचं कर्ज असलेला माणूस रोडगे खातो आणि गप्प बसतो.

आणि मास्तरही पुरता मोकळा नाही. तो हिंदूरावाचं अन्न खातो आहे, त्याची दारू पितो आहे. खुन्याच्या पाहुणचारात राहून खुनाबद्दल विचारतो आहे. पूर्वी या दोघांच्या बैठकी मला लांबलेल्या वाटत. आता वाटतं, सिनेमाचा जीवच त्यांत आहे. निळू फुले यांचा हिंदूराव ओरडत नाही. त्यांच्या त्या खालच्या, ओलसर आवाजात तो आग्रह करतो, थट्टा करतो, स्वतःच्या कर्तबगारीचं कौतुक करून घेतो. मास्तरवर त्याचा खरोखर जीव जडला आहे असं वाटावं इतका लोभ दाखवतो. सत्ता धाकानं चालते हे आपण ऐकून असतो. ती उपकारांनी चालते, नोकरी लावून देण्यानं, लग्नात आहेर करण्यानं, ताटात वाढण्यानं चालते, हे या सिनेमात दिसतं. ज्याच्या उपकाराखाली आख्खं गाव आहे त्याच्याविरुद्ध साक्षीला कोण उभं राहणार? तेंडुलकर त्या सुमारास नेहरू फेलोशिप घेऊन हिंसेचा अभ्यास करत फिरत होते. पण 'सामना'तली हिंसा पाहताना आधी डोळ्यात भरतं ते अगत्य. मला त्याची खूण पटली ती मळ्यातल्या पंगतीत.

इथवर येऊनही कापसाचा आक्षेप मी सोडला नव्हता. ठीक आहे, म्हणायचो, चांगला सिनेमा आहे, पण तो त्यांच्याकडचा. आमच्याकडे प्रवरानगर झालं नाही. आमच्याकडे साखर सम्राट नाहीत.

हे म्हणताना एक साधी गोष्ट मी डोळ्याआड करत होतो. 'सामना' बनत होता तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री कोण होते? वसंतराव नाईक. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, म्हणजे वऱ्हाडचे. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५, सलग अकरा वर्षांहून अधिक काळ. ज्या राजवटीत साखर पट्ट्यातली ही घराणी मजबूत झाली, तिच्या शिखरावर आमचा माणूस होता. त्यांचं काम मोठं होतं, संकरित बियाण्यांपासून १९७२च्या दुष्काळातल्या रोजगारापर्यंत, आणि ते नाकारण्याचा प्रश्नच नाही. पण 'सत्ता तिकडची, सोसणं इकडचं' हे आमचं लाडकं गणित तेवढं सरळ नव्हतं. आणि १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली तेव्हा ऊस नसलेल्या वऱ्हाडातही सहकाराची तीच यंत्रणा गावागावात पोचली. खरेदी केंद्र, ग्रेडर, चुकारे, जिन, सूतगिरणी, जिल्हा बँक. योजना शेतकऱ्याच्या भल्यासाठी आली आणि काही वर्षं तिनं भलं केलंही. पण ज्याच्या हातात केंद्र त्याच्या हातात गाव, हे सूत्र उसाला लागू पडतं तसंच कापसाला. गाड्यांची रांग दोन-दोन दिवस लागायची आणि काही गाड्या मागच्या फाटकातून आधी आत जायच्या. कोणाच्या, ते रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक असायचं. हिंदूरावाला ऊसच हवा असं काही नाही. त्याला लागतात रांगेत उभे असलेले लोक.

तरीही हे सगळं हिशेबातलं झालं. माझ्या मताचा कणा मोडला तो धाकलीनं.

धाकली हे अकोला जिल्ह्यातलं गाव. सप्टेंबर १९७४मध्ये तिथं दोन दलित भावांचे डोळे काढण्यात आले. त्यांच्या घरातल्या मुलीला गावच्या पाटलाच्या मुलानं फसवलं होतं, तिला दिवस गेले होते, आणि त्याबद्दल त्यांनी न्याय मागितला होता. एवढाच त्यांचा गुन्हा. दलित पँथरनं ही घटना महाराष्ट्रासमोर आणली, त्या दोघांना घेऊन कार्यकर्ते पार पंतप्रधान इंदिरा गांधींपर्यंत गेले. पँथरच्या इतिहासात हे प्रकरण ठळकपणे येतं.

मी अकोल्यात वाढलो. धाकलीचं नाव मला मोठेपणी, पँथरच्या कार्यकर्त्यांचं लेखन वाचताना नीट कळलं. त्याआधी ते कानावर पडलंच नव्हतं असं नाही. लहानपणी घरात मोठेबाबा कोणाशी तरी बोलत होते, आम्ही पोरं आत आल्यावर गप्प झाले. विचारलं तर "तुले काय करा लागते बाबू, खेळ जाऊन" एवढंच उत्तर मिळालं. मोठेबाबा दुष्ट नव्हते. आमच्या नात्यातला सगळ्यात भला माणूस. पण गप्प बसणं हे त्यांना आणि त्यांच्या पिढीला शहाणपण वाटायचं, आणि ते शहाणपण आम्ही त्यांच्याकडून रीतसर घेतलं.

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. सप्टेंबर १९७४ला धाकली. १९७५ला 'सामना'. गावचा बलवान माणूस, जाब विचारणारा कांबळे, आणि सारं ठाऊक असून तोंड न उघडणारं गाव. हा सिनेमा धाकलीवर बेतलेला नाही, तसा दावा मी करत नाही. पण जो सिनेमा 'तिकडचा' म्हणून मी झटकत होतो, त्यातल्यापेक्षा भयंकर घटना माझ्या जिल्ह्यात, माझ्या घरापासून एसटीच्या एका तिकिटावर, त्याच सुमारास घडली होती. मी विचारत होतो की कापूस कुठे आहे. खरा प्रश्न होता की आपल्या जिल्ह्यातल्या कांबळेबद्दल आपण कधी विचारलं का? 'आमचा नाही' या म्हणण्यात प्रादेशिक अस्मिता किती होती आणि नको त्या प्रश्नापासून सुटका किती होती, हे वेगळं काढणं मला आता जमत नाही.

या जागी अरुण साधूंची आठवण काढली पाहिजे. साधू परतवाड्याचे, शिक्षण अमरावतीत. त्यांच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या कादंबऱ्यांवरून जब्बार पटेल आणि तेंडुलकर यांनी १९७९ला 'सिंहासन' केला. 'सामना'वर वऱ्हाडी हक्क सांगता येत नाही म्हणून मी 'सिंहासन'वर सांगायचो. हा आमच्या माणसाचा! पण दोन्ही सिनेमे लागोपाठ पाहिले तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. 'सामना'त जो नट गुन्हा करून सगळ्यांना गप्प ठेवतो, तोच निळू फुले 'सिंहासन'मध्ये दिगू टिपणीस हा पत्रकार झाला आहे. त्याला सगळं ठाऊक आहे. मुख्यमंत्र्याच्या खुर्चीखालची सुरुंगपेरणी, मजूर पुढारी, तस्करी, सगळं. आणि ते ठाऊक असण्याचं तो काहीही करू शकत नाही. शेवटी तो भर रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो. पहिल्या सिनेमात प्रश्न विचारून काहीतरी हलतं, हिंदूरावाचं साम्राज्य कोसळतं. दुसऱ्यात ज्याच्याकडे सगळी उत्तरं आहेत त्याचंच डोकं फिरतं. परतवाड्याच्या माणसाला सत्तेतल्या जाणतेपणाची ही किंमत इतकी नेमकी दिसली होती. आमच्याकडे हा विषयच नाही, हे मी कुठल्या तोंडानं म्हणणार होतो?

आता कीर्तीबद्दल. 'सामना'ला पन्नास वर्षं झाली. राष्ट्रीय पुरस्कार, बर्लिन, आरती प्रभूंच्या शब्दांना रवींद्र साठे यांनी दिलेला तो खोल आवाज, सगळं आपल्या जागी आहे. पण सिनेमा लोकांच्या तोंडी राहिला तो कांबळेबद्दलच्या प्रश्नामुळे. विधानसभेत कोणी उत्तर टाळलं, घोटाळ्याची फाइल गायब झाली, चौकशी समितीचा अहवाल दडपला गेला, की हा प्रश्न निघतो. ज्यांनी सिनेमा पाहिला नाही तेही विचारतात. एखाद्या कलाकृतीला याहून मोठं यश काय मिळणार?

इथंच माझी शिल्लक तक्रार आहे. हा प्रश्न आज इतका रुळला आहे की तो कोणालाही विचारता येतो आणि कोणालाही टोचत नाही. मी तो अशा पुढाऱ्यांच्या भाषणात ऐकला आहे, ज्यांना हिंदूरावाची टोपी मापाची बसेल. ते विचारतात, सभा हसते, टाळ्या पडतात. प्रश्न उरला आणि कांबळे त्यातून निघून गेला. कांबळे कोण होता, त्याला काय हवं होतं, त्याच्या घरी मागं कोण राहिलं, हे कोणी विचारत नाही. माझा तिसरा आक्षेप होता तो हाच, आणि या बाबतीत दोष थोडा सिनेमाकडेही जातो. त्यानं आपलं सगळं बळ मारणारा आणि विचारणारा यांच्या जुगलबंदीला दिलं. लागू आणि फुले असे दोन नट समोरासमोर असताना कोणाही दिग्दर्शकाला तो मोह झाला असता. पण मेलेला माणूस कथेत निमित्तापुरता राहिला, म्हणून पुढे तो भाषणातही निमित्तापुरताच राहिला.

शिवाय सिनेमातलं गाव स्वतःहून विचारत नाही. त्याला बाहेरून आलेला मास्तर लागतो. अकोल्याचा पुढचा इतिहास पाहिला तर वेगळं दिसतं. धाकलीनंतरच्या वर्षांत या जिल्ह्यात आंबेडकरी राजकारणानं जी मुळं धरली, दलितांबरोबर छोट्या-छोट्या ओबीसी जातींना एकत्र आणून जिल्हा परिषदेपर्यंत धडक मारणारा जो 'अकोला पॅटर्न' पुढे राज्यात ओळखला गेला, आणि १९९८, १९९९ला प्रकाश आंबेडकर इथून लोकसभेवर गेले, त्या सगळ्यात जाब विचारणारे लोक बाहेरून आलेले नव्हते. ज्यांचं गेलं होतं तेच विचारत होते. त्या राजकारणाचं पुढे काय झालं, कुठं जमलं, कुठं फसलं, यावर वाद घालता येईल आणि आम्ही अकोलेकर रोज घालतोही. पण प्रश्न विचारण्यासाठी पत गेलेला पाहुणा यावा लागतो, हे 'सामना'चं गृहीत या जिल्ह्यानं पुरतं खरं ठरू दिलं नाही.

म्हणून आज कोणी विचारलं तर माझं उत्तर असं आहे. करमणुकीला 'पाठलाग' लावा, आजही उत्तम आहे. पण मराठीतला मोठा गुन्हेपट 'सामना'च. त्यातला गुन्हेगार एकटा हिंदूराव नाही, जाणून गप्प बसलेली पंगतही आहे, आणि त्या पंगतीत बसायला ऊस लागत नाही. सिनेमाच्या मोठेपणावर माझी आता हरकत नाही. हरकत आहे ती आपण त्यातलं नेमकं काय जपलं यावर. पन्नास वर्षं आपण मास्तरचा प्रश्न घोकला. कांबळेची गोष्ट कांबळेच्या घरातून सांगणारा गुन्हेपट मराठीत कोणी करायला घेणार असेल, तर त्यानं कथा शोधायला साखर पट्ट्यात जाऊ नये. अकोल्याला यावं. इथं कापूस आहे, धाकली आहे, आणि आता बोलायला माणसंही आहेत.